कोराजच्या पायथ्याशी : तेजगढच्या आदिवासी अकादमीची वाटचाल

बडोद्याहून पूर्वेला छोटा उदेपूरच्या दिशेने निघालं की डभोई आणि बोडेली मागे पडतात, ओरसंग नदीची सोबत लागते आणि सपाट शेतांच्या मागून टेकड्या डोकं वर काढू लागतात. याच वाटेवर बडोद्यापासून साधारण ९० किलोमीटरवर तेजगढ हे गाव आहे. भोवती राठवा, नायक, धाणका, भिल्ल यांच्या विखुरलेल्या वस्त्या आहेत. इथली घरं एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेताच्या बांधावर उभं असतं. गावाजवळच्या कोराज टेकडीच्या खडकांवर प्रागैतिहासिक काळातली चित्रं आहेत. त्या टेकडीच्या पायथ्याशी १९९९ साली आदिवासी अकादमी सुरू झाली. आता तिला पाव शतक उलटून गेलं आहे.

अकादमीचा इतिहास मात्र तेजगढच्या आधी बडोद्यात सुरू होतो, आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसाने केली. डॉ. गणेश देवी मूळचे भोरचे. शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला झालं. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात ते १९८० पासून इंग्रजी शिकवत होते. ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ हा त्यांचा समीक्षाग्रंथ १९९२ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भारतीय भाषांमधली समीक्षेची स्वतःची परंपरा आपण वसाहतकाळात विसरलो, हा त्या ग्रंथाचा विषय. असं नाव झालेला प्राध्यापक १९९६ मध्ये विद्यापीठाची नोकरी सोडतो आणि ‘भाषा संशोधन आणि प्रकाशन केंद्र’ नावाची संस्था काढतो, हे तेव्हा अनेकांना कोड्यात टाकणारं होतं. त्यांच्या पत्नी सुरेखाताई रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. पुढे त्याही या कामाशी जोडल्या गेल्या.

बडोदा म्हटलं की मराठी वाचकाला सयाजीराव आठवतात. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. छोटा उदेपूर मात्र गायकवाडांच्या राज्यात नव्हतं, ते वेगळं संस्थान होतं. स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात शिक्षण आणि समाजकार्य पोहोचलं ते मुख्यतः गांधीवादी आश्रमांच्या वाटेने. दाहोदकडे ठक्कर बाप्पांच्या भिल सेवा मंडळाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच शाळा आणि आश्रम उभे केले होते. छोटा उदेपूरच्या पट्ट्यातच रंगपूरला हरिवल्लभ परीखांनी १९४९ मध्ये आनंद निकेतन आश्रम सुरू केला आणि त्यांची लोकअदालत दूरदूरपर्यंत गाजली. या माणसांच्या तळमळीबद्दल शंका घेणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण आश्रमशाळेतल्या मुलाने शिकायचं म्हणजे घरची बोली वर्गाबाहेर ठेवायची, हे गृहीत जवळजवळ सगळीकडे होतं. मुलगा दहावी-बारावी झाला की गावात परत यायला त्याला काही कारण उरत नसे. आला तरी आईवडिलांशी त्यांच्याच बोलीत बोलताना तो अडखळे. शिक्षणाने त्याला घरापासून तोडलं, हे कोणी उघड म्हणत नव्हतं, पण घरोघरी माहीत होतं.

भाषा केंद्राने पहिला हात इथेच घातला. केंद्राच्या स्थापनेमागे जनगणनेतली एक गोष्ट होती, ती सांगितली पाहिजे. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावं नोंदली गेली होती. १९७१ मध्ये दहा हजारांहून कमी लोक बोलत असलेल्या भाषा यादीतून वगळायचं ठरलं आणि यादी एकदम १०८ वर आली. बाकी सगळ्यांसाठी ‘इतर’ असा एकच रकाना उरला. या भाषा बोलणारी माणसं तर जिवंत होती, मग भाषा गेल्या कुठे, हा प्रश्न देवींना छळत होता. उत्तर शोधायला ते पुस्तकांकडे न जाता पंचमहाल, डांग, साबरकांठा आणि छोटा उदेपूरच्या पाड्यांवर गेले.

त्यातून १९९७ च्या सुमारास ‘ढोल’ हे नियतकालिक निघालं. राठवी, देहवाली, चौधरी, कुंकणा, डुंगरा भिली, गोर बंजारा, भांतू अशा भाषांमधला मजकूर त्यात छापला जाऊ लागला. लिपी गुजराती, पण भाषा ज्याची त्याची. लिहिणारे बहुतेक आदिवासी तरुण, काही शिक्षक, काही नुसतेच शेतकरी. आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट आपल्याच शब्दांत छापलेली पाहणं हा त्यांच्यासाठी केवढा अनुभव असेल, याची कल्पना आपण मराठीजनांनी करून पाहावी. आपली भाषा छापली जाते याचं आपल्याला कधी नवल वाटलंच नाही. अंक हाटात नेऊन विकले जात, आणि वाचता न येणारी माणसंही ते विकत घेत. त्याच काळात डॉ. भगवानदास पटेलांनी डुंगरी भिल्लांकडून गोळा केलेलं ‘भीलोनुं भारथ’ साहित्य अकादमीने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. डाह्याभाई वाढू यांनी डांगमधल्या कुंकणांच्या रामकथेवर केलेलं कामही या चळवळीतलंच. हे कुंकणा म्हणजे आपल्या नाशिक-धुळ्याकडचे कोकणाच. राज्यांच्या सीमा त्यांच्या गोष्टींना कधी आडव्या आल्या नाहीत.

नियतकालिक चालू लागल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. ही लिहिणारी मुलं शिकणार कुठे? विद्यापीठांत ‘आदिवासी’ हा विषय होता, मानववंशशास्त्रात होता, समाजकार्यातही होता. पण तिथे आदिवासी माणूस अभ्यासाचा विषय म्हणून यायचा. प्रश्नावली घेऊन येणारा वेगळा आणि उत्तरं देणारा वेगळा. उत्तरं देणाऱ्यालाच प्रश्न विचारायला शिकवायचं असेल तर जागा वेगळी हवी आणि ती बडोद्यात असून चालणार नाही. तेजगढ निवडलं गेलं ते यासाठी. विद्यापीठाच्या माणसाला तिथे पाहुणा व्हावं लागेल आणि राठवा मुलगा यजमान असेल, हा त्या निवडीचा अर्थ होता. माझ्या मते अकादमीने जे काही मिळवलं, त्याचं मूळ या एका निर्णयात आहे.

सुरुवात अगदी लहान होती. थोडी जमीन, थोडी मुलं आणि आदिवासी अभ्यास या विषयाची पदव्युत्तर पदविका. आदिवासींचा इतिहास, वनहक्क आणि जमिनीचे कायदे, अन्नसुरक्षा, आरोग्य, कला, भाषा हे सगळं अभ्यासक्रमात आलं. पण खरा अभ्यासक्रम मुलांच्या गावात होता. प्रत्येकाने आपल्या गावाचा अभ्यास करायचा. घरं किती, जमीन कोणाच्या नावावर, पाणी कुठून येतं, देवस्थानं कोणती, कोणत्या घरात कोणता आजार, आणि कर्ज कोणाचं किती. दिसायला हे सोपं वाटतं. पण स्वतःच्या काकाला ‘तुमच्यावर सावकाराचं कर्ज किती’ असं विचारणं आणि तो आकडा वहीत लिहिणं, यासाठी बाहेरच्या संशोधकाला लागतं त्याहून कितीतरी जास्त धैर्य लागतं. काका खोटं सांगू शकत नाही, आणि पुतण्याला ते ऐकून घरी निवांत झोपता येत नाही.

ही नोंद करता करता मुलांपुढे जे चित्र आलं, ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं, पण कागदावर कधी मांडलेलं नव्हतं. पावसाळ्यापूर्वी बियाण्यासाठी कर्ज काढायचं आणि त्यासाठी चांदीचे दागिने गहाण ठेवायचे. मधेच आजारपण आलं की व्याज थकायचं. मग दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब सौराष्ट्रात शेतमजुरीला किंवा बडोद्यात बांधकामावर निघून जायचं. मुलांची शाळा तिथेच सुटायची. सावकार, स्थलांतर आणि गळती या तीन गोष्टी एकाच दोरीच्या आहेत, हे त्या सर्वेक्षणातून मुलांच्या हाती आलं. पुस्तकात हे सापडलं असतं तर त्यांनी पाठ करून सोडून दिलं असतं. आपल्याच घरी सापडल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. मग अकादमीतल्या मुलांनी गावोगाव बचत गट उभे करायला सुरुवात केली आणि पाठोपाठ धान्यकोठ्या आल्या. हंगामात ज्याच्याकडे थोडं जास्तीचं धान्य असेल त्याने ते कोठीत ठेवायचं आणि भुकेच्या महिन्यांत ज्याला गरज असेल त्याने उचलायचं. पदविकेचा अभ्यास आणि गावाचं काम यांच्यामधली रेघ पुसली गेली ती अशी.

आरोग्याच्या बाबतीतही तसंच झालं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पट्ट्यात मोठ्या प्रमाणात आहे, आणि आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीतही आहे. तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो, त्या रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे असह्य दुखतात आणि रक्त कमी होत जातं. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. घरातली तरुण पोरं का खंगतात, याचं उत्तर गावाकडे नव्हतं. होतं ते कोणाच्या तरी नजरेचं किंवा देवाच्या कोपाचं होतं. अकादमीने आरोग्याचं काम सुरू केलं तेव्हा रक्ततपासणीइतकंच महत्त्वाचं होतं ते राठवीत बसून समजावणं. लग्नाआधी दोघांची तपासणी का करायची, हे गुजरातीतल्या भित्तीपत्रकाने पटत नाही. ते घरातलं माणूस सांगतं तेव्हा पटतं.

आता पिठोरा या राठवांच्या भित्तिचित्राबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण तेजगढची शिक्षणाची कल्पना तो पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. घराच्या ओसरीच्या भिंतीवर पिठोरा काढला जातो, पण तो ‘काढला’ असं कोणी म्हणत नाही. राठवा तो ‘लिहितात’. घरात आजारपण आलं, गुरं मेली, पीक बुडालं की घरधनी बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे जातो. बडवा नवस सुचवतो. तो पुरा करायची ऐपत येईपर्यंत कधी कधी बरीच वर्षं जातात. दिवस ठरला की घरातल्या कुमारिका भिंतीला शेण लावून वर पांढऱ्या मातीचा हात देतात. मग लखारे, म्हणजे पिठोरा लिहिणारे, येतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवलेले असतात. आधी चौकट आखली जाते, आणि त्या चौकटीच्या आत पृथ्वी उभी राहते. घोड्यांच्या रांगा येतात, कारण देव घोड्यांवरून येतात. बाबा गणेह हुक्का ओढत असतो, राजा भोज हत्तीवर असतो. पिठोरा देवाच्या लग्नाची वरात असते, नांगर धरलेला शेतकरी असतो, विहीर, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, सूर्य, चंद्र, वाघ. अलीकडे त्यात आगगाडी, सायकल आणि विमानही येऊन बसलेलं दिसतं, आणि बडव्याची त्याला हरकत नसते.

रात्रभर ढोल वाजत राहतो. लिहून पुरं झालं की अंगात आलेला बडवा भिंतीपुढे उभा राहून एकेक आकृती ओळखतो आणि तिचं नाव घेतो. काही राहिलं असेल, चुकलं असेल तर लखाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करावं लागतं. त्याशिवाय देव घरात आले असं मानलं जात नाही. म्हणजे इथे अभ्यासक्रम आहे, तो वर्षानुवर्षं गुरूबरोबर बसून शिकलेला आहे, परीक्षक आहे आणि गावासमोर होणारी परीक्षाही आहे. कला, धर्म, इतिहास, शेती आणि वंशावळ या सगळ्यांचं ज्ञान एका भिंतीवर येतं. विद्यापीठांच्या चौकटीत याला ‘लोककला’ म्हणून एक टीप मिळते. तेजगढमध्ये लखारा हा शिक्षक असतो, आणि त्याच्याकडून शिकणारा मुलगा त्या भिंतीला स्वतःच्या समाजाचा दस्तऐवज म्हणून वाचायला शिकतो. छोटा उदेपूरचे पिठोरा कलाकार परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांना पिठोरा म्हणजे काय हे पहिल्यांदा लिहावं लागलं.

अकादमीच्या घडणीतला दुसरा प्रवाह महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर या तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. त्याचा समाज, खेडिया शबर, एकेकाळी गुन्हेगार जमातींच्या यादीत होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलिसांच्या डोळ्यांतून यादी पुसली गेली नाही. मार्च १९९८ मध्ये महाश्वेतादेवी व्हेरियर एल्विन व्याख्यानासाठी बडोद्याला आल्या आणि बुधनविषयी बोलल्या. त्यातूनच महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट काढला. त्याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने बुधनच्या कुटुंबाला भरपाई आणि प्रकरणाची चौकशी यांचे आदेश दिले. अहमदाबादच्या छारानगरमध्ये, छारा समाजाच्या वस्तीत, आधी ग्रंथालय सुरू झालं आणि मग तिथल्या तरुणांनी ‘बुधन थिएटर’ उभं केलं. बुधनवरचं त्यांचं नाटक देशभर फिरलं.

लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनांमुळे मराठीत हा विषय आधीच आला होता. चळवळही होती. त्या चळवळीला देशपातळीवर बोलण्याची जागा मिळण्यात बडोदा-तेजगढचा वाटा मोठा आहे. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या भटक्या-विमुक्तांच्या आयोगाचं अध्यक्षपद बाळकृष्ण रेणके यांच्याकडे आलं, आणि त्याच काळात नेमलेल्या तांत्रिक सल्लागार गटाचं अध्यक्षपद देवींकडे. महाश्वेतादेवींचा तेजगढवर इतका जीव जडला होता की मृत्यूनंतर आपल्याला तिथेच ठेवा आणि वर मोहाचं झाड लावा, असं त्या म्हणत. जुलै २०१६ मध्ये त्या गेल्यावर त्यांची रक्षा तेजगढला आणली गेली.

संस्थेच्या इतिहासात २००२ चा मार्च महिना टाळून पुढे जाता येणार नाही. गुजरातमधला हिंसाचार त्या वेळी छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत पोहोचला. तेजगढ, कवांट, पानवड या भागांत मुसलमान व्यापाऱ्यांची घरं आणि दुकानं जाळली गेली, आणि जमावांत आदिवासी होते. ज्यांच्यात काम केलं त्यांच्यातलेच काही हात त्यात होते, ही गोष्ट संस्थेला आतून हादरवणारी होती. देवींनी त्याविषयी तेव्हाच लिहिलं आणि मांडलंही. सावकारीने पिचलेल्या रागाला कोणी तरी धर्माचं वळण दिलं, हे एक स्पष्टीकरण होतं. पण स्पष्टीकरणाने जळलेलं दुकान उभं राहत नाही. आपल्या संस्कृतीचा अभिमान शिकवताना शेजाऱ्याविषयीची आस्था वेगळी शिकवावी लागते का, हा प्रश्न त्या वर्षी अकादमीपुढे उभा राहिला. अस्मितेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने तो स्वतःला विचारावा, असं मला मनापासून वाटतं. संस्थांच्या गौरवग्रंथांत अशी पानं सहसा कोरी सोडली जातात. तेजगढवर लिहिताना तसं करणं त्या संस्थेच्याच स्वभावाला सोडून होईल.

पुढच्या वर्षांत काम खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही टोकांना वाढलं. ज्या मुलांची शाळा स्थलांतरामुळे सुटली त्यांच्यासाठी ‘वसंतशाळा’ निघाली. मूल आधी आपल्या बोलीत शिकतं, मग गुजरातीकडे जातं आणि तयार झालं की नेहमीच्या शाळेत दाखल होतं. उच्च शिक्षणाच्या इतिहासात वसंतशाळेला जागा का, असं कोणी विचारेल. पण पाचवीत गळालेलं मूल पदविकेपर्यंत कसं येणार? परिसरात ‘वाचा’ हे संग्रहालय उभं राहिलं. तिथे वाद्यं, मुखवटे, दागिने, देवस्थानी वाहायचे मातीचे घोडे, कापड आणि पिठोरा आहे. वस्तू मांडल्या आहेत त्या शहरी पाहुण्यासाठी नाहीत. ज्यांच्या घरातून त्या आल्या, त्यांनाच आपलं घर एका नजरेत दिसावं, असा हेतू आहे. आदिवासी विषयांवरचं चांगलं ग्रंथालयही तिथे आहे.

‘ढोल’पासून तयार झालेल्या माणसांचा खरा उपयोग २०१० मध्ये दिसला. त्या वर्षी मार्चमध्ये बडोद्यात देशभरच्या भाषांचे प्रतिनिधी जमले आणि भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाची घोषणा झाली. ग्रियर्सनचं भाषासर्वेक्षण इंग्रज सरकारच्या यंत्रणेने केलं होतं. हे सर्वेक्षण तीन हजारांहून अधिक लोकांनी सरकारी यंत्रणेच्या बाहेर राहून केलं. त्यांच्यात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, तसेच शाळामास्तर, कार्यकर्ते आणि भाषा बोलणारी साधी माणसंही होती. ७८० भाषा नोंदल्या गेल्या. ‘इतर’ या रकान्यात १९७१ पासून गाडल्या गेलेल्या भाषांना नावं परत मिळाली. महाराष्ट्राच्या खंडाचं संपादन अरुण जाखडे यांनी केलं, आणि ‘पद्मगंधा’ प्रकाशनाने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, कोलामी, माडिया, कैकाडी, पारधी, वडारी अशा भाषांची शब्दसंपदा आणि गाणी-गोष्टी तिथे एकत्र पाहायला मिळतात. प्रकाशनाच्या व्यवसायातला एक माणूस राज्यभर फिरून हे उभं करतो, ही मराठी ग्रंथव्यवहारातली मोठीच गोष्ट म्हणायला हवी.

तेजगढच्या धर्तीवरचं शिक्षण वाढवायचं कसं, या प्रश्नाला सरकारने दिलेलं उत्तर विद्यापीठांचं आहे. अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय आदिवासी विद्यापीठ २००७ च्या कायद्याने झालं आणि २००८ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं. गुजरातेत राजपीपळ्याला बिरसा मुंडा आदिवासी विद्यापीठ आहे. ही विद्यापीठं हवीच होती. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के आणि अनुसूचित जमातींचं २१.२ टक्के होतं. ही दरी जागा वाढवल्याशिवाय भरणार नाही. पदवी हवी, शिष्यवृत्ती हवी, मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह हवं. तेजगढसारख्या लहान संस्थेच्या पदविकेला सरकारी भरतीत जी वजनाची अडचण येते, ती विद्यापीठाच्या पदवीला येत नाही, हेही खरं. त्यामुळे लहान चांगलं आणि मोठं वाईट, असं मी म्हणणार नाही.

पण विद्यापीठाच्या नावात ‘आदिवासी’ आलं म्हणून वर्गात आदिवासी भाषा येत नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीच्या वर आहेत. एवढे भाषक असलेली ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. २००३ मध्ये संथाली आणि बोडो तिथे पोहोचल्या, भिली नाही. मग तिच्यात पाठ्यपुस्तकं कुठून यायची, प्राध्यापकाची जागा कुठून मंजूर व्हायची? मानववंशशास्त्राचा प्रबंध भिल्लांवर असतो आणि तोंडी परीक्षा इंग्रजीत होते. तेजगढने दाखवलं ते असं की शिकवणाऱ्यांत बडवा, लखारा, गोष्ट सांगणारी आजी आणि वनहक्काचा दावा लिहून देणारा गावचा तरुण यांना बाकायदा जागा देता येते. त्यासाठी शंभर एकरांचं आवार लागत नाही. मोठ्या विद्यापीठांनी हे आपल्या नियमांत बसवलं, अशा शिक्षकांना मानधन दिलं आणि गावाच्या अभ्यासाला श्रेयांक दिले, तर संख्या आणि मुळं दोन्ही सांभाळता येतील. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला कागदावर तरी वाट करून दिली आहे.

देवी पुढे धारवाडला गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. संस्थापक दूर गेल्यावर अनेक संस्था हळूहळू मिटतात. अकादमी चालू राहिली, आणि तिथे काम करणाऱ्यांत त्या परिसरातलीच माणसं आहेत. यापेक्षा वेगळं प्रशस्तिपत्र तिला लागू नये.

आपल्यासाठी एक काम मात्र अगदी जवळचं आहे. देहवाली भाषा गुजरातच्या सागबारा-डेडियापाड्यात बोलली जाते आणि आपल्या अक्कलकुवा-तळोद्यातही. पावरी, भिलोरी, कोकणा या भाषाही राज्याची सीमा ओलांडून जातात. नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत या भाषा घरी बोलणारी मुलं-मुली दरवर्षी प्रवेश घेतात. त्यांच्यासाठी आणि तेजगढच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा एक संयुक्त अभ्यासक्रम काढता येईल. त्यातला अर्धा काळ कोराजच्या पायथ्याशी आणि अर्धा धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर घालवायचा. गावाचा अभ्यास मातृभाषेत लिहायचा आणि मराठी-गुजरातीत मांडायचा. जाखडेंच्या खंडासाठी ज्यांनी या भाषांवर लिहिलं, त्यांच्याकडून सुरुवात करता येईल. दोन राज्यांतल्या दोन विद्यापीठांनी एकमेकांचे श्रेयांक मान्य केले, तर येत्या जूनमध्येही पहिली तुकडी बसू शकेल.